निकालानंतर दार वाजवणारा वकील

शिकलगारसाहेब गेल्याची बातमी मला कोर्टात, साक्षीदाराची उलटतपासणी घेत असताना कळली. पट्टेवाल्यानं जज्जसाहेबांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, आज इथंच थांबू या. तुमचे सीनियर..." सकाळची नमाज झाल्यावर शिकलगारसाहेब चहाची वाट बघत खुर्चीत बसले होते, ते तसेच गेले. चाळिसावा परवा झाला. बातमी ऐकली तेव्हा मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. माणूस गेल्यावर भीती का वाटावी, हे बारमधल्या पुष्कळांना कळणार नाही. म्हणून हे लिहिते आहे.

हुसेन शिकलगार हे नाव कोल्हापुरात वकिली करणाऱ्या कुणाला नवं नाही. घराण्याचा धंदा धार लावण्याचा. आजोबा तलवारींना लावायचे, वडील विळ्या-कात्र्यांना, आणि साहेबांनी जिभेला लावली, असं बार रूममध्ये गमतीनं म्हणत. मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून गेले ती सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. गावात काळा कोट घालणाऱ्या बाया फार नव्हत्या. साहेबांनी कपाटातली पुस्तकं हलवून माझ्यापुरती जागा केली आणि पहिल्या दिवसापासून मला 'बाई' म्हणाले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, तरी 'बाई'च. लक्ष्मीपुरीत पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खाली धान्याचे गाळे, समोर पानाचं दुकान, दिवसभर हमालांची आरडाओरड. त्यात साहेबांचा आवाज ऐकू यावा म्हणून अशील पुढं वाकून बसायचे, कारण साहेब मोठ्यानं कधी बोललेच नाहीत.

नवरा-बायकोच्या भांडणांसाठी तेव्हा वेगळं कोर्ट नव्हतं. पोराच्या ताब्याचा अर्ज जिल्हा कोर्टात चालायचा. एक अपील बांधाचं, एक मृत्युपत्राचं, आणि मध्येच कुणाची तरी पोरगी. वकीलही तो तसाच चालवायचे, बांध कुणाचा ठरवावा तसा. साहेब असले अर्ज लढवण्यात पटाईत होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. वसंतराव त्यांच्याकडे आले ते याच कीर्तीवर.

वसंतराव हे खरं नाव नाही. मायलेकींचीही नावं मी बदलली आहेत. इचलकरंजीत त्यांचे यंत्रमाग होते. पांढराशुभ्र सदरा, काळी टोपी, बोलणं असं की लोण्यात सुरी फिरावी. बायको सुलोचना आठ वर्षांच्या मंगलला घेऊन उचगावला भावाकडे निघून गेली होती. "साहेब, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही," ते म्हणाले, "फक्त माझी पोरगी मला द्या." इतका समजूतदार अशील मी तोवर पाहिला नव्हता. साहेबही खूश होते.

सुलोचनाची उलटतपासणी मला आजही शब्दन् शब्द आठवते. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "नवऱ्यानं कधी हात उगारला?"

"न्हाय."

"शिवी दिली? उपाशी ठेवलं?"

"न्हाय जी."

"दारू? बाहेरचा नाद?"

"तसलं काय न्हाय."

"मग घर सोडलंत कशासाठी?"

ती पदर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग म्हणाली, "ते बघत बसत्यात."

"म्हणजे?"

"मी भाकरी करताना बघत बसत्यात. पोरीला न्हाऊ घालताना, जेवताना, झोपल्यावर पन. काय बोलत न्हाईत. नुस्तं बघत्यात... आन मग आपण काय कराय लागलो तर आधी त्यांच्याकडं बघाय लागतंय. पोरगी तर पानी प्यायच्या आधी बघती."

कोर्टात खसखस पिकली. साहेब जज्जांकडे वळून म्हणाले, "नवऱ्यानं बायकोकडं बघणं हा जुलूम ठरला, तर निम्मं कोल्हापूर तुरुंगात जाईल." जज्जही हसले. सुलोचना हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत राहिली. तिच्या वकिलानं पुढं काही विचारलं नाही. बाईला स्वतःचं उत्पन्न नाही, राहते भावाच्या आश्रयाला, बाप सज्जन आणि सुस्थितीत, आणि कायद्यानं नैसर्गिक पालक. निकाल आमच्या बाजूनं लागला.

मुलीला ताब्यात देण्याचं काम कोर्टाच्या व्हरांड्यात झालं. आई खांबाला धरून रडत होती. मंगल रडली नाही. तिनं आईचा हात सोडला, चालत आली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली, शाळेत कवायतीला उभं राहतात तशी. वसंतरावांनी बार रूममध्ये पेढे वाटले. साहेबांनी पेढा हातात घेतला, तोंडाकडे नेला आणि मला विचारलं, "बाई, पोरगी रडली का नाही हो?" मी म्हटलं, समजूतदार आहे. पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला.

दोनेक महिन्यांनी एका दुसऱ्या दाव्यात जागेची पाहणी करायला आम्ही इचलकरंजीला गेलो. काम उरकल्यावर साहेब म्हणाले, "वसंतरावांकडे चहा घेऊन जाऊ." मागांच्या शेडमागंच त्यांचं घर होतं. यंत्रमागाचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको. कानांवर नुसता आदळत राहतो. घरात बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी जावं लागत होतं. वसंतरावांना मात्र सवय होती. त्यांनी आमचं मोठं अगत्य केलं. मंगल चहा घेऊन आली. तिचे लांब केस बारीक कापून टाकले होते. ट्रे ठेवण्याआधी तिनं बापाकडे बघितलं. ठेवला. बसण्याआधी बघितलं. बसली. साहेबांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून पुढं केली. तिनं बघितलं. वसंतरावांची मान किंचित हलली, तेव्हा तिनं ती घेतली, पण तोंडात टाकली नाही, मुठीत धरून ठेवली. आम्ही निघेपर्यंत ती मूठ तशीच होती.

आम्ही परतीची एसटी धरली. कोल्हापूर आलं, लोक उतरायला लागले, तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, त्या बाईनं कोर्टाला सगळं सांगितलं होतं. आपण हसलो."

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच ते पुन्हा इचलकरंजीला निघाले आणि मला बरोबर घेतलं. या वेळी कळवलं नव्हतं. दुपारची वेळ होती, माग जोरात चालू होते. वसंतराव सूत आणायला गेले आहेत, येतीलच, असं शेडमधल्या माणसानं खुणेनं सांगितलं. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो. माजघराच्या पलीकडे एक खोली होती. तिच्या दाराला बाहेरून कडी. दाराची वरची फळी काढून टाकलेली आणि त्यासमोर, इकडच्या बाजूला, एक उंच स्टूल. स्टुलावर उशी होती. रोज बसणाऱ्या माणसानं स्वतःची सोय केली होती.

साहेबांनी कडी काढली. मंगल भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि धावत दाराशी आली. मला वाटलं, बिलगणार. तिनं दोन्ही हातांनी दार आतून ढकललं.

"उघडू नका," ती ओरडली. मागांच्या आवाजात ते ओठांवरूनच कळत होतं. "परत लावा! ते येतील. मी न्हाय उघडलं म्हणून सांगा. लावा ना, लावा!"

साहेब खाली बसले, तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "बाळ, आईकडं येतीस?" तिनं मान जोरजोरात हलवली. नाही म्हणून नव्हे. तो प्रश्नच तिला ऐकायचा नव्हता. तिची नजर आमच्यावर नव्हतीच, आमच्या मागच्या बाहेरच्या दारावर होती. कोर्टाचा हुकूम बापाच्या हातात होता. त्या क्षणी तिला उचलून नेलं असतं, तर कायद्यानं ते मूल पळवणं झालं असतं, आणि पोलिसांनी तिला संध्याकाळच्या आत त्याच खोलीत परत आणून घातलं असतं. हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते उठले. त्यांनी दार ओढून घेतलं आणि कडी घातली. काढलेल्या फळीच्या फटीतून दोन डोळे बघत होते. कडी नीट बसली याची त्या पोरीनं खात्री करून घेतली, तेव्हा कुठं ती मागं सरली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर साहेब गटारीच्या कडेला ओकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वसंतरावांचं वकीलपत्र सोडल्याचं लेखी कळवलं आणि उचगावला जाऊन सुलोचनासमोर उभे राहिले. तिच्या भावानं आधी दारातूनच हाकललं. "पावणं, कोर्टात हसून गेलासा, आता घरात यिऊन हसायचं हाय व्हय?" साहेब म्हणाले, "हसून झालं. आता साक्ष द्यायला आलोय."

सुलोचनानं दुसऱ्या वकिलामार्फत ताब्यासाठी नवा अर्ज केला. साहेब स्वतः तिच्या अर्जात साक्षीदार झाले. माझंही प्रतिज्ञापत्र जोडलं होतं. आपल्याच जुन्या अशिलाविरुद्ध वकील पिंजऱ्यात उभा राहतो, हे कोल्हापूरच्या बारला पचण्यासारखं नव्हतं. लोक वाट वाकडी करून जायला लागले. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं एक अक्षरही साहेबांनी उघड केलं नाही. वकीलपत्राशी ज्याचा संबंध नाही ते, म्हणजे पाहुणा म्हणून डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगितलं. तरी त्यांची सनद काढून घ्यावी म्हणून तक्रार झाली आणि ती टांगती तलवार पुढं बरीच वर्षं राहिली. वसंतरावांच्या नव्या वकिलानं विचारलं, "हा माणूस आदर्श बाप आहे असं याच कोर्टात तुम्ही सांगितलंत. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. "आणि मी माहीत करूनही घेतलं नव्हतं."

जज्जांनी मंगलला आपल्या चेंबरमध्ये एकटीला बोलावलं. ती काय बोलेल याची आम्हाला फार काळजी होती. आत गेल्यावर तिनं एकच विचारलं, "कडी तुम्ही लावणार का मी लावू?" हे वाक्य निकालपत्रात आलं आहे. मुलगी आईकडे गेली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर वसंतरावांनी साहेबांना हात जोडले. चेहऱ्यावर राग नव्हता. "साहेब, देणारे तुम्ही, नेणारे तुम्ही," ते म्हणाले. "बरं. येतो."

आणि ते खरंच आले. पुढच्याच आठवड्यात मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं, तर समोरच्या पानाच्या दुकानाशेजारी वसंतराव उभे होते. पांढरा सदरा, काळी टोपी, हात मागं. वर बघत होते. दुपारी बघितलं तेव्हाही होते. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी... मग ते रोजचंच झालं. शिवी नाही, चिठ्ठी नाही, धमकी नाही. साहेब खाली उतरले की ते अदबीनं नमस्कार करायचे. साहेब घरी गेले की घरासमोर. साहेबांच्या पत्नी जुबेदाभाभींनी पुढच्या खोलीचे पडदे उघडायचं सोडून दिलं. त्या एकदा मला म्हणाल्या, "बाई, मी आता भात वाढतानासुद्धा खिडकीकडं बघते." पोलीस चौकीत गेलो, तर फौजदार म्हणाले, "रस्ता सरकारी हाय साहेब. उभारायला बंदी न्हाय. तेनं काय केलंय सांगा, आता उचलतो." काय केलंय? सांगण्यासारखं काही नव्हतं. सुलोचनानं कोर्टात सांगितलं होतं, तेव्हाही ते सांगण्यासारखं कुणाला वाटलं नव्हतं.

अशील कमी झाले. मी म्हटलं, साहेब, ऑफिस बदलू या. ते खिडकीशी उभे राहून खाली बघत होते. म्हणाले, "नको. तो इथं उभा आहे तोवर पोरगी शाळेत सुखरूप आहे."

त्या दिवसापासून मीही सकाळी आल्या आल्या आधी खिडकीतून खाली बघायला लागले. ते दिसले की भीतीही वाटायची आणि हायसंही. अशा दोन गोष्टी एका वेळी वाटू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

पावसाळा सरला, थंडी पडली. एके दिवशी मी बघितलं, तर पानाच्या दुकानाशेजारची जागा रिकामी. वाटलं, उशीर झाला असेल. साहेब एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची कैफियत लिहून घेत होते. मी नुसतं म्हटलं, "आज आले नाहीत." साहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हाताऱ्याला हात जोडले. कोट खुंटीवरच राहिला. आम्ही त्यांच्या स्कूटरवरून उचगावच्या वाटेला लागलो तेव्हा मागं बसून मी काहीतरी बोलत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं. पुलाजवळ उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या. साहेबांनी स्कूटर रस्त्याच्या खाली घातली. या माणसाला मी एरवी सायकलवाल्यालाही वाट देताना बघितलं होतं.

शाळेबाहेर भाड्याची मोटार उभी होती. मागच्या सीटवर वळकटी आणि छोटी पत्र्याची ट्रंक. हेडमास्तरीणबाईंच्या खोलीत वसंतराव खुर्चीत बसले होते, मांडीवर मंगलचं दप्तर. मंगल शेजारी उभी. टेबलावर कोर्टाचा हुकूम उलगडून ठेवलेला. पहिला हुकूम. साहेबांनी मिळवलेला.

"हे वडील आहेत ना?" हेडमास्तरीणबाई गोंधळून म्हणाल्या. "कोर्टाचा कागद आहे, शिक्का आहे. मी सही घेतच होते..."

"शिक्का खरा आहे," साहेबांना धाप लागली होती. "हा हुकूम मीच घेतला होता, बाई. तो आता मेलेला आहे. नंतरच्या निकालानं पोरगी आईच्या ताब्यात आहे. तिच्या आईला बोलवा, पोलिसांना बोलवा. तोवर ही पोरगी या खोलीबाहेर जाणार नाही."

खोलीत कुणी हललं नाही. बाहेर वर्गात पाढे चालले होते. वसंतराव सावकाश उठले, हुकुमाची घडी घालून खिशात ठेवली, दप्तर मंगलच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाळ, साहेबांना नमस्कार कर."

तिनं वाकून नमस्कार केला. ते बघत उभे होते. मग ते निघून गेले. मोटारीचा आवाज दूर गेला, तरी ती पोरगी वाकलेलीच होती. शेवटी साहेबांनी तिला खांद्याला धरून सरळ केलं. नंतर कळलं, मोटार मिरज स्टेशनपर्यंत ठरवली होती आणि माग आधीच विकून झाले होते. पुढं कुठं जायचं होतं, ते कधीच कळलं नाही. वसंतराव त्यानंतर कुणाला दिसले नाहीत. कुणी म्हणायचं सुरतेला आहेत, कुणी म्हणायचं वारले. साहेबांचा कशावरच विश्वास बसला नाही. दिसणाऱ्या माणसाला निदान डोळ्यासमोर ठेवता येतं, असं ते म्हणायचे.

मंगल आता बालवाडीत शिकवते. साहेब गेले त्या दिवशी ती आली होती. भाभींच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेऊन. गर्दी कमी झाल्यावर मला म्हणाली, "तुमाला माहीत हाय का, ते आमच्याकडं अजून यायचे. मी म्हणायची, साहेब, मी आता मोठी झाली की. तर म्हणायचे, चहा कर."

मला माहीत होतं. तिच्या प्रकरणानंतर साहेब ताब्याचा अर्ज एकाच अटीवर घ्यायचे, की निकाल काहीही लागो, मूल ज्या घरी जाईल त्या घरी ते न कळवता येणार. बाप जिंकला असो, आई जिंकली असो, अशील आपला असो की समोरचा. पुष्कळांना ते अपमानास्पद वाटायचं. पुष्कळ जण दुसऱ्या वकिलाकडे गेले. साहेब मात्र गुडघे दुखायला लागल्यावरही बसनं जायचे, दार वाजवायचे, मुलाला समोर बसवून अभ्यासाचं, खेळाचं, जेवणाचं विचारायचे आणि उठायचे. बहुतेक घरांत काही नसायचं. मुलं हसत-खेळत असायची. तरी येताना ते थकलेले दिसायचे.

शेवटचा अर्ज त्यांनी जिंकला तो कसबा बावड्याच्या एका आईसाठी. मुलगी सहा वर्षांची. "तिकडं जायचं राहिलंय," असं ते जाण्याआधीच्या महिन्यात दोनदा म्हणाले होते. कोर्टात बातमी ऐकून भीती वाटली ती याचीच, की आता ही दारं कोण वाजवणार.

गेल्या रविवारी मी गेले. साखर कारखान्याच्या पलीकडे नवी घरं झाली आहेत, त्यांतलं एक. दार वाजवलं. आईनंच उघडलं. मला बघून ती क्षणभर थबकली, मग तोंडभर हसली. "या की वकीलबाई! साहेबांचं ऐकून लई वाईट वाटलं. बसा, चहा टाकते."

"पोरगी कुठं आहे?"

"मावशीकडं गेलीया सांगलीला. चार दिस झालं."

उंबऱ्याशी लहान चपलांचा जोड होता. पट्टे ओले होते, टाचेला ताजा चिखल. मी चपलांकडे बघितलं. तिनंही बघितलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

"चहा नको," मी म्हणाले. "पोरगी येईपर्यंत मी बसते."

आणि पर्स मांडीवर घेऊन त्या दारासमोर बसले.